मामंजींच्या वहीतली बॅटरी

जुलैची वीस तारीख होती. वीस तारखेला जीएसटीचा थ्री-बी, म्हणजे महिन्याचा रिटर्न, भरायचा असतो, आणि पुण्यातल्या ज्या कंपनीसाठी मी घरून हिशेब बघते तिची गिऱ्हाइकं बरोबर त्याच दिवशी जागी होतात. बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पलीकडे आमचं गाव. जुलैत तिथे पाऊस असा लागतो की समोरच्या गोठ्यातली म्हैस दिसत नाही, नुसती ऐकू येते. दुपारी लाईट गेली, त्यात नवल काही नव्हतं. लॅपटॉप मी इन्व्हर्टरवर चालवत नव्हते, कारण इन्व्हर्टर मामंजींचा. त्याच्यावर काय लावायचं आणि काय नाही हे ते ठरवतात. बॅटरी ३४ टक्के दिसत होती. म्हटलं, तासभर तरी कुठे जात नाही. एका मोठ्या एक्सेल फाइलला सॉर्ट दिला आणि पडदा काळा झाला. इशारा नाही, सूचना नाही, विझलाच.

उरलेले तीन रिटर्न बेळगावातल्या मैत्रिणीने भरले. ते उपकार अजून फेडतेय.

रात्री जेवताना सगळ्यांची मतं निघाली. मामंजी म्हणाले, "बॅटरी कधी खाली पडू देऊ नये. भरूनच ठेवायची. मी कवाच सांगितलो होतो." खरंच सांगितलं होतं त्यांनी. त्यांच्या माळ्यावर बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी आहे, आणि त्या बॅटरीची एक वही आहे. डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं, किती घातलं, कुठल्या खणात पाणी लवकर उतरतं, सगळं तारीखवार. ट्रॅक्टरच्या बॅटरीची पानं त्याच वहीत मागून उलटी सुरू होतात. आमच्या ह्यांचा आतेभाऊ पूर्वी खानापुरात मोबाईल विकायचा, तो म्हणाला, "वहिनी, अर्धवट चार्जिंग लावता ना? तिथंच चुकतंय. पूर्ण शून्यावर आणा, मग रात्रभर लावा." मी स्वतः काय करत होते? लग्नात आलेला टीव्ही जसा कायम प्लगला असतो तसा लॅपटॉप. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. त्यांचा उपाय चालूच होता, पण ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या तांत्रिक विभागातल्या मुलाने फोनवर मला एक आज्ञा लिहून घ्यायला लावली. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करायचं (स्पेलिंग इंग्रजीतच, एकही अक्षर इकडचं तिकडे नको), की एक पान तयार होतं. ते ब्राउझरमध्ये उघडतं. त्यात कोष्टकं भरपूर आहेत, पण कामाच्या ओळी तीनच. 'डिझाइन कपॅसिटी', म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावायचं. माझी ४१,०४० मिलिवॉट-तास, सोप्या भाषेत ४१ वॉट-तास. 'फुल चार्ज कपॅसिटी', म्हणजे आज शंभर टक्के दिसतात तेव्हा खरोखर किती मावतं. तिथे २२,८७०. जेमतेम छप्पन टक्के! २०२१ साली घेतलेला लॅपटॉप, आणि टाकी अर्ध्याच्या जवळ आलेली. टक्के मात्र त्या आटलेल्या टाकीचेच दाखवतात, म्हणून कधी संशय आला नाही.

तिसरी ओळ 'सायकल काउंट'. एक सायकल म्हणजे एकदा प्लग लावला असं नाही. सगळं मिळून शंभर टक्के वापर झाला की एक. आज अर्धी वापरली, उद्या अर्धी, तर दोन दिवसांत एक. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी साधारण तीनशे ते पाचशे सायकलनंतर ऐंशी टक्के क्षमता उरावी असं धरतात. माझ्या १८७ होत्या. हे गणित काही जुळेना. वापर कमी आणि झीज जास्त. चालवून झिजली नव्हती, मग बसून बसून झिजली का?

आणि ३४ टक्क्यांचं काय? ते त्या मुलाने समजावलं, पण खरं कळलं ते घरात. इन्व्हर्टरवर असताना कोणी मिक्सर लावला की आमच्या माजघरातला दिवा डोळा मिचकावतो. थकलेल्या सेलचं तसंच होतं. आतला रोध वाढलेला असतो. हळूहळू वीज मागितली तर तो देतो; पण प्रोसेसरने एकदम ओढली की व्होल्टेज धपकन खाली येतं, आणि ते ठरावीक रेषेखाली गेलं की सुरक्षेसाठी बसवलेलं सर्किट पुरवठाच तोडतं. माझा सॉर्ट म्हणजे तो मिक्सर. शिवाय ३४ हा आकडा कोणी आत डोकावून मोजलेला नसतो. आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब ठेवून केलेला अंदाज असतो तो, आणि जुन्या बॅटरीत तो हिशेब चुकत जातो. एकदा पूर्ण भरून, खालपर्यंत उतरवून पुन्हा भरली तर आकडा ताळ्यावर येतो. मी ते केलं. आकडा सुधारला, बॅटरी नाही. वजनकाटा दुरुस्त केल्याने पोत्यातलं भात वाढत नाही.

पुढचे आठ दिवस मी वाचत होते. माझ्या डोक्यात जे उजाडलं ते असं, की त्या रात्री जेवताना कोणीच चुकीचं बोललं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या बॅटरीबद्दल बोलत होता. मामंजींची शिसे-आम्लाची. ती रिकामी पडून राहिली की पाट्यांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत, म्हणून ती सतत भरलेलीच बरी. आतेभावाचा नियम निकेलचा. निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या रोज अर्ध्यातूनच भरल्या की तेवढ्याचीच सवय लागल्यासारख्या वागायच्या. मोबाईल आले तेव्हा नोकियाच्या ३३१०सारख्या फोनमध्ये निकेल-मेटल हायड्राइड असायची, त्या काळातल्या दुकानदारांच्या तोंडात "पहिल्यांदा आठ तास लावा, पूर्ण उतरवा" हे बसलं ते बसलंच. फोनमध्ये लिथियम आलं, वाक्य गेलं नाही. लिथियम-आयन सेल बाजारात पहिल्यांदा आणले सोनीने १९९१ साली, आणि ज्या तिघांच्या संशोधनावर ते उभे राहिले त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल २०१९ला मिळालं. म्हणजे बॅटरी माझ्याच पिढीची, आणि मी तिला चालवत होते सासऱ्यांच्या आणि दिरांच्या नियमांनी.

लिथियमचा स्वभाव या दोघींच्या उलटा. पूर्ण रिकामी तिला सोसत नाही, आणि काठोकाठ भरून ताटकळत ठेवलेलीही सोसत नाही. सेल भरला की त्याचं व्होल्टेज ४.२पर्यंत जातं, काहींत ४.४च्या आसपास. तेवढ्या ताणावर आतलं द्रव्य हळूहळू बिघडत राहतं, आणि उष्णता मिळाली की ते बिघडणं वेग घेतं. जास्त वेळ प्लग ठेवला म्हणून बॅटरी 'ओव्हरचार्ज' होते असं नाही. भरली की लॅपटॉप चार्जिंग थांबवतो आणि अॅडॉप्टरवर चालतो. त्रास आहे तो शंभरावर तासन्‌तास बसून राहण्याचा. पंचवीस अंशांच्या खोलीत चाळीस टक्क्यांवर वर्षभर ठेवलेला सेल साधारण चार टक्के क्षमता गमावतो, पूर्ण भरून ठेवलेला वीस टक्क्यांच्या आसपास. चाळीस अंशांत भरून ठेवला तर तिसरा हिस्सा जातो. हे वाचून मी माझ्या १८७कडे पुन्हा पाहिलं. शंभर टक्क्यांवर मी ठेवत होते हे कबूल. पण आमच्याकडे चाळीस अंश? पावसाळ्यात? आम्ही जुलैत स्वेटर घालतो.

तेवढ्यात लॅपटॉप डुगडुगायला लागला.

पाटावर ठेवला की एका कोपऱ्यावर हलायचा. मला वाटलं पाट वाकलाय. टचपॅडचं बटण दाबलं जाईना, खालून कोणीतरी बोट लावून धरल्यासारखं. मामंजींनी लॅपटॉप उचलला, उलटा केला, पाठीवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "फुगलंय हे." मी लगेच बंद केला, प्लग काढला. इथवर बरोबर. पुढे मात्र मूर्खपणा केला, तो सांगते: दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तोच लॅपटॉप मांडीवर घेऊन बेळगावला गेले. जांबोटीहून गाडी खच्चून भरलेली, कुसमळीच्या पुढे एका आजीबाईंची पाटी माझ्या पिशवीवर टेकलेली.

खडेबाजारातून आत एका बोळात दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार माझ्याशी मराठीत, हाताखालच्या पोराशी कन्नडात, आणि फोनवर हिंदीत, असं बेळगावचं नेहमीचं. पोराने तळाचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि नुसतं म्हणाला, "ब्याटरी उब्बैत्री." बॅटरी फुगलीय, एवढं कन्नड मला येतं. तीन चपटे पाकीटबंद सेल एका ओळीत, त्यातला मधला टम्म, तेलात सोडलेल्या पुरीसारखा. आतलं द्रव्य कुजून वायू धरतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते.

"मॅडम, हे घेऊन बसमधनं आला तुम्ही?"

"बंद करून आणलंय अण्णा."

"बंद केलं म्हणून काय झालं? पिशवी दाबली असती कोणी म्हणजे? टोक घुसलं असतं म्हणजे? फोन करायचा की. पोरगं पाठवलो असतो."

मी गप्प. तो बरोबर होता. फुगलेला सेल दाबायचा नाही, टोचायचा नाही, हवा काढायला म्हणून सुई तर अजिबात लावायची नाही. आतले पदर एकमेकांना टेकले तर शॉर्ट होऊन पेटतो. त्याने आधी कनेक्टर सोडवला, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने, पेचकस दूर ठेवून, हळूहळू ती बॅटरी उचलली आणि दाराबाहेरच्या वाळूच्या बादलीत ठेवली. "घरी नेऊ नका. भंगारवाला दोन रुपयांसाठी घेतो आणि हातोडी मारतो." कायद्याने अशा जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकलेली आहे, २०२२च्या नियमांपासून. बोळातल्या बादलीपर्यंत तो कायदा कसा पोहोचतो ते त्याला माहीत होतं. महिन्याकाठी अशा बॅटऱ्या उचलायला एक जण येतो म्हणाला.

मग त्याने सहज विचारलं, "कुठं ठेवता लॅपटॉप? गॅसजवळ वगैरे?" मी हसले. गॅसजवळ कोण ठेवेल!

नवी बॅटरी लगेच मिळाली नाही. माझ्या मॉडेलची मागवायला आठवडा लागणार होता, आणि तोवर त्याने लॅपटॉप बॅटरीशिवाय परत दिला. सगळे लॅपटॉप असे चालत नाहीत, माझा चालला. आता तो इन्व्हर्टरवर लावावाच लागला, पण लाईट गेली की इन्व्हर्टर सुरू होतो त्या निमिषभरात तो बंद पडायचा. दिव्याला तो खंड कळत नाही, लॅपटॉपला कळतो. आजवर मधे बॅटरी होती म्हणून मलाही कळला नव्हता. दोनदा काम गेल्यावर मी मामंजींसमोर जाऊन उभी राहिले. ते माळ्यावर चढले, इन्व्हर्टरच्या पाठीमागचं एक बटण 'यूपीएस'कडे सरकवलं आणि खाली येऊन म्हणाले, "आता लाव." त्या बटणाने बदल पुष्कळ लवकर होतो. बटण सहा वर्षं तिथेच होतं. "इन्व्हर्टरच्या करंटने तुझं चार्जर जळंल" ही त्यांची भीती मात्र मी अॅडॉप्टर उलटा करून घालवली. त्याच्यावर लिहिलेलंच असतं, १०० ते २४० व्होल्ट. आत त्यातलं काहीही येवो, तो बाहेर सोडतो १९ व्होल्ट. त्यांना माझ्या बॅटरीचं माप हवं होतं. ४१ वॉट-तास म्हटल्यावर त्यांनी मनात गुणाकार केला, बारा दीडशे अठराशे, आणि चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघण्यासारखं होतं. चव्वेचाळीस पट! वजनाचं मी काढलं नाही. माझी पाव किलोचीही नव्हती. त्यांची उचलायला दोन माणसं लागतात.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी काम आटपून मी आंघोळीला गेले. परत आले तर पाटावर लॅपटॉप नाही. स्वयंपाकघरात चुलीच्या वर, भिंतीत बसवलेल्या फळीवर, कोकमांच्या बरणीशेजारी, मऊ धडप्यात गुंडाळून ठेवलेला.

"आत्याबाई, हे इथं..."

"अगं, ओल धरती बाई सगळ्याला. पापड न्हाईत का तिथं ऱ्हात कुरकुरीत? मी रोज ठेवती की रातचं. तू उठायच्या आत खाली आणती."

चार पावसाळे. शंभर टक्के भरून, कापडात गुंडाळून, चुलीच्या उबेवर, रात्रभर. मी त्या फळीला हात लावून बघितला. तापलेल्या तव्यासारखी नाही, पण अंगात ताप असलेल्या माणसाच्या कपाळासारखी होती. मला रडावं की हसावं कळेना. बॅटरी नेमकी त्यानेच गेली हे सिद्ध कोण करणार? शंभरावर कायम ठेवण्याचं पाप माझंच. पण १८७चा हिशेब मला त्या फळीपाशी लागला. आत्याबाईंना मी एवढंच सांगितलं की ह्याला ऊब सोसत नाही, दुधासारखं आहे. ते त्यांना पटकन कळलं. ओलीसाठी आता लॅपटॉपच्या पिशवीत बिस्किटाच्या डब्यातल्या त्या 'खाऊ नका' लिहिलेल्या पुड्या त्या आठवणीने टाकतात.

बॅटरी आली तेव्हा दुकानदाराने दोन पुढे ठेवल्या. एक १,६०० रुपयांची, एक ३,८००ची. स्वस्त असलेल्यावर आकडा मोठा लिहिलेला. पण तो मिलिअँपिअर-तासांत होता, आणि व्होल्टेज कमी. दोन्हींचा गुणाकार करून वॉट-तास काढले तर ती लहान निघाली. महागडीवर ११.४ व्होल्ट, ३,६०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे तेच ४१. भारतीय मानक ब्युरोचा शिक्का आणि 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक होता. बनवल्याची तारीख मी मुद्दाम बघितली. कपाटात दोन वर्षं पडून राहिलेली 'नवी' बॅटरीसुद्धा म्हातारीच असते. ३,८०० मोजताना जीव कळवळला. घरी येताना गणपत गल्लीतून अर्धा किलो कुंदा घेतला, म्हणजे खर्चाचा विषय निघणार नाही. निघालाच.

लेबलवर विश्वास न ठेवता घरी चाचणी केली. साध्या कामात माझा लॅपटॉप दहा वॉटच्या आसपास ओढतो, तेव्हा ४१ वॉट-तासांत चार तास जायला हवेत. तीन तास पन्नास मिनिटं गेले. चांगलं झालं.

आता चार्जिंगची मर्यादा ऐंशीवर लावलीय. ही सोय सगळीकडे एकाच जागी सापडत नाही. माझ्यात ती कंपनीच्या स्वतःच्या सेटिंगच्या अॅपमध्ये निघाली, ह्यांच्या लॅपटॉपात सुरू होतानाच उघडायच्या 'बायोस' नावाच्या सेटिंगमध्ये. पण ऐंशीचा नियमही मी देव्हाऱ्यात ठेवत नाही. कणकुंबीकडून आभाळ काळं होऊन यायला लागलं की मी मर्यादा काढते आणि शंभर भरून घेते, कारण दुपारभर लाईट नसताना ते वीस टक्के म्हणजे दोन रिटर्न असतात. भरून लगेच वापरली तर तिला काही होत नाही. शहरात बसून 'वीस ते ऐंशी, वीस ते ऐंशी' जपणाऱ्यांना हे समजत नाही. बॅटरी वापरायला घेतलीय, दागिना नाही ती. मात्र गोधडीवर लॅपटॉप ठेवून काम बंद, खालची हवेची भोकं झाकली जातात. झाकण नुसतं मिटून पिशवीत कोंबायचंही बंद. आत जागाच राहतो आणि पिशवीत तापतो. दिवाळीत दहा दिवस निपाणीला माहेरी गेले तेव्हा पन्नास टक्क्यांवर आणून, पूर्ण बंद करून ठेवून गेले. चुलीपासून लांब.

दर महिन्याला मी तो रिपोर्ट काढते, आणि मामंजी आकडा विचारतात. वहीत इन्व्हर्टर आणि ट्रॅक्टर यांच्या मधल्या कोऱ्या पानांवर त्यांनी 'ल्यापटाप' असा मथळा घातलाय. ऑक्टोबर, ४०,११०. नोव्हेंबर, ३९,६४०. डिसेंबरात ४०,०२० आला, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वाढलं कसं?"

मी सांगितलं, मामंजी, हा अंदाज असतो, थोडा वरखाली होतो. मशीन स्वतःच हिशेब करतं आणि स्वतःच सुधारतं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बॅटरी कधी वाढत न्हाई," म्हणाले, आणि डिसेंबरच्या पुढे ३९,६४० लिहिलं.